द्वारकाबाईंचा गैरहजर मुकादम

द्वारकाबाईंच्या रक्तात कॉर्टिसोल नावाचा पदार्थ जवळजवळ नाहीच, असा अहवाल मुंबईहून आला, तेव्हा बद्रीनाथराव साबळे यांनी सर्वप्रथम आलेखाचा कागद काढला आणि पेन्सिलीला टोक केले. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे घालवून १९९६ साली ते निवृत्त झाले, त्याला आता दोन वर्षे होत आली होती. कालव्याला गळती लागली तर आधी घाबरायचे नाही, आधी मोजायचे, असे त्यांना औरंगाबादच्या तंत्रनिकेतनात शिकवले गेले होते. तेव्हापासून ते घाबरले की मोजत असत. त्या दिवशी त्यांनी जेवणाचे टेबल दोनदा मोजले.

"कॉर्टिसोल म्हणजे समजा मुकादम," जालन्याच्या डॉक्टरांनी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितले होते. "सकाळी आठला हजर होतो आणि सगळ्या शरीराला कामाला लावतो. बाईंचा मुकादम कामावर येतच नाही. का येत नाही, हे मला सांगता येत नाही. तुम्ही औरंगाबादला ग्रंथींच्या डॉक्टरांना दाखवा."

मुकादमाच्या गैरहजेरीचे परिणाम घरात दिसतच होते. द्वारकाबाईंचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला होता. पाहुणे म्हणत, "निवृत्ती मानवली वहिनीला!" पण त्याच वहिनींना गच्चीवर पापड वाळत घालायला जाताना मधल्या पायरीवर बसावे लागे. गेल्या महिन्यात तर धान्य निवडता निवडता त्या सुपावरच कलंडल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गहू सांडले का हो?" बद्रीनाथरावांनी सुपाबाहेर सांडलेले दाणे मोजायला घेतले.

मग निवृत्तीपासून चालू असलेल्या घरच्या नोंदवहीला नवे रकाने पडले. पिण्याच्या पाण्याचा नमुना तपासायला गेला. भांड्यांची कल्हई तपासली गेली. द्वारकाबाईंची प्रत्येक भाकरी ताटात पडण्याआधी तराजूत पडू लागली.

"अहो, भाकरीसंगं मला बी बसवा की त्या काट्यावर," द्वारकाबाई म्हणाल्या. "भाकर थंडी होऊन राह्यली, अन् तुमचं आपलं चालूच!"

"अगं, कारण सापडेपर्यंत कुठलीही गोष्ट गृहीत धरायची नसते."

"मंग मला भूक लागली, हे तरी धरा."

वहीत रकाने होते: पाणी, अन्न, झोप, औषधे, किरकोळ. 'किरकोळ'खाली 'माहेरचा वानवळा' असा एक पोटरकाना होता. द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ कडूबा दर महिन्याला जाफराबादकडच्या गावाहून एसटीने यायचा. तो येताना जे काही आणी, म्हणजे मूग, ज्वारी, शेंगा, डबे, ते सारे तिथे तारखेसह नोंदलेले असे.

औरंगाबादच्या डॉक्टर तारा आष्टीकर या शांत स्वभावाच्या बाई होत्या. त्यांनी द्वारकाबाईंकडे पाहून विचारले, "भूक कशी आहे?"

"माफक," बद्रीनाथराव म्हणाले. "सरासरी अडीच भाकरी."

"चक्कर केव्हा येते?"

"अनियमित. आलेख जोडला आहे."

"कुठलं गावठी औषध, चूर्ण, पुडी वगैरे?"

द्वारकाबाईंनी तोंड उघडले, तोवर बद्रीनाथरावांनी वही उघडली होती. "औषधांचा रकाना पाहा. पूर्ण कोरा. आमच्या घरात अशास्त्रीय काही चालत नाही."

डॉक्टर विचारात पडल्या. म्हणाल्या, "मूत्रपिंडावरची ग्रंथी ठीक दिसते. तिला वरून हुकूमच जात नाही. हुकूम देणारी ग्रंथी डोक्यात असते. मुंबईला जाऊन डोक्याचा एमआरआय काढावा लागेल. घाबरू नका, पण तिथे गाठ वगैरे नाही ना, ते पाहिलेलं बरं."

'गाठ' हा शब्द ऐकल्यावर बद्रीनाथरावांनी दवाखान्याच्या फरशा मोजल्या. त्या एकशे बारा होत्या.

पुढचे तीन दिवस दोघे पुतणीकडे औरंगाबादलाच राहिले. तिथे द्वारकाबाईंना अधिकच गळाल्यासारखे झाले. आश्चर्य म्हणजे बद्रीनाथरावांचेही पाय जड झाले आणि भाषण करायचा उत्साहसुद्धा ओसरला. त्यांनी नोंद केली: 'औरंगाबादचे हवामान उभयतांस मानवत नाही.' जालन्याला परतल्यावर दोन दिवसांत दोघेही ताजेतवाने झाले. नोंद पक्की झाली.

मुंबईची तारीख ठरली. द्वारकाबाईंनी जड साड्या काढून कोणती कुठल्या सुनेला द्यायची ते ठरवून ठेवले. ते पाहून बद्रीनाथरावांनी त्या साड्या मोजल्या आणि मोजता मोजता त्यांना एक विचार सापडला. काँक्रीटचा एखादा ठोकळा चाचणीत कच्चा निघाला, तर शहाणा अभियंता एक खात्रीचा पक्का ठोकळाही त्याच यंत्राखाली ठेवतो. म्हणजे दोष मालात आहे की यंत्रात, ते कळते. रक्त तपासणारे यंत्र चुकत नसेल कशावरून? आणि पक्का ठोकळा शोधायला लांब जायची गरज नव्हती. साठाव्या वर्षी ते रोज चार मैल चालत. गुडघेदुखीवर त्यांनी स्वतः बसवलेले व्यायाम आणि सकाळचे मेथीचे पाणी यांचे गुण कॉलनीत कुणाला माहीत नव्हते?

त्यांनी सकाळी आठ वाजता द्वारकाबाईंबरोबर आपलेही रक्त दिले.

आठ दिवसांनी दोन्ही अहवाल डॉक्टर आष्टीकरांच्या टेबलावर आले. किमान पाच हवे, तिथे द्वारकाबाईंचे कॉर्टिसोल होते एक पूर्णांक नऊ दशांश. बद्रीनाथरावांचे होते एक पूर्णांक एक दशांश.

"म्हणजे यंत्र चुकलं!" बद्रीनाथराव आनंदाने म्हणाले.

"यंत्र बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एकाच घरात दोन डोकी एकाच वेळी, एकाच जागी बिघडत नाहीत, साहेब. तुम्ही दोघंही एकच काहीतरी खाताय. आता तुम्ही पाच मिनिटं एक शब्दही बोलायचा नाही. बाई, तुम्ही सांगा. गुडघे दुखतात का?"

"दुखायचे पयले. आता न्हाई दुखत."

"कशानं थांबले?"

"कडूबा पावडर आणतो ना. बाजारात एक वैदू बसतो, त्याच्याकडची."

"अगं, मग हे औषध—" बद्रीनाथराव उसळले.

"साहेब!" डॉक्टर म्हणाल्या.

"औषध कसं व्हईन?" द्वारकाबाई नवलाने म्हणाल्या. "औषध डाक्टर देतो. हा तर भावानं आणलेला वानवळा हाय. ह्यायच्या वहीत बराबर लिवलंय बघा."

डॉक्टरांनी वही उलटली. खरेच, 'माहेरचा वानवळा' या पोटरकान्यात, सुबक तांत्रिक अक्षरात, दोन वर्षे दर महिन्याला नोंद होती: 'पिवळा डबा, नग एक.'

"आणि साहेबांना?"

द्वारकाबाईंनी पदर सावरला. "हे असलं काई घेत न्हाईत. पर राती गुडघा धरून इवळायचे. बघवंना मला. मंग मी रोज चिमूटभर मेथीच्या पाण्यात टाकायला लागले. मेथी कडूच असती, कळत न्हाई."

बद्रीनाथरावांच्या डोळ्यांसमोरून आपण कॉलनीत दिलेली सगळी व्याख्याने एकामागून एक सरकून गेली.

डॉक्टर आपला शांत स्वभाव विसरून मोठ्याने हसल्या. त्यांनी समजावले, ते असे: त्या पावडरीत स्टेरॉइड मिसळलेले असणार. बाहेरून बदली मुकादम येत राहिला की शरीराचा मुकादम घरी बसतो. चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, आणि पावडर चुकली की माणूस गळून पडतो. "औरंगाबादला डबा आणला नव्हता ना? मग हवामानाचा दोष नव्हता. पण ऐका, पावडर एकदम तोडायची नाही, ते धोक्याचं असतं. मी मोजून गोळ्या देते. दर महिन्याला थोड्या थोड्या कमी करू. घरचा मुकादम हळूहळू परत येईल. मुंबई रद्द!"

बद्रीनाथरावांनी या वेळी काहीही मोजले नाही. बाहेर आल्यावर त्यांनी भर रस्त्यात बायकोचा हात धरला.

"लोकं बघून राह्यली, सोडा की," द्वारकाबाई म्हणाल्या, पण हात काढून घेतला नाही.

कडूबाला हे कळले, तेव्हा तो धावतच आला आणि ओसरीवर डोके धरून बसला. "अक्का, म्या तुला इष पाजलं की गं! पर दाजी, त्या वैदूचं काय करावं? तो तर तुमच्याच नावावर इकून राह्यला. म्हन्तो, जालन्याचे इंजिनेर साहेब आपलीच पावडर खाऊन रोज चार मैल चालतेत!"

"त्याला कुणी सांगितलं?"

कडूबाने मान खाली घातली. "म्याच. जरा मोठेपणा वाटायचा."

पुढच्या बाजाराला तिघे जाफराबादला गेले. बद्रीनाथराव दोन्ही अहवाल उंच धरून वैदूच्या पालापुढे उभे राहिले आणि त्यांनी 'अधिवृक्क ग्रंथी' या शब्दापासून सुरुवात केली. वैदू क्षणभर दचकला, पण लगेच सावरून ओरडला, "बघा, साहेब सोता आले! कागदासकट!" गर्दी दुप्पट झाली. 'ग्रंथींचे दमन' येईपर्यंत सात पुड्या खपल्या.

शेवटी द्वारकाबाईंनी नवऱ्याला कोपराने बाजूला सारले.

"बायांनो, माझं हे तोंड बघा. हे बाळसं न्हाई, ही सूज हाय. गुडघा थांबला, पर जीव चालला होता. डोक्यात गाठ हाय म्हणून म्या लुगडी वाटायला काढली होती!"

लुगड्यांची गोष्ट ऐकताच बायकांचे हात थांबले. एकीने पुडी परत टाकली, मग दुसरीने. सातव्या पुडीपर्यंत वैदूने पाल गुंडाळायला घेतले होते.

एक म्हातारी मात्र जागची हलली नाही. "पर बाई, मंग आता गुडघा दुखन त्याचं काय?"

"दुखन," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमचा बी दुखून राह्यला. डाक्टरला दावायचा, अन् दुखला की बसायचं."

परतीच्या एसटीची पायरी उंच होती. बद्रीनाथरावांनी एक पाय वर टाकला आणि "अयाया" असा आवाज काढून दांडी धरली. मागून द्वारकाबाईंनी आधार दिला.

"लई दुखतो का हो?"

"खूप."

"मंग बरं हाय," असे म्हणून त्यांनी नवऱ्याला समाधानाने वर ढकलले.