साबणाचा दाब

सूनबाई दाढ काढून घ्यायला गेली आणि जाताना दुकान सासऱ्यांवर सोपवून गेली. सासरे भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना वायूचा दाब शिकवला होता, आणि सुनेचं दुकान त्या नियमांनी का चालू नये, या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

"गिऱ्हाईक म्हणजे वायूचे रेणू," ते आदल्या दिवशी जेवताना म्हणाले होते. "जागा आवळली की दाब वाढतो. माल कमी दाखव, मागणी बघ कशी उसळते!"

"बाबा, तुम्ही फक्त गल्ल्यावर बसा," सून म्हणाली होती.

ती कोपऱ्यावरून वळली न वळली तोच मास्तरांनी फळीवरचे साबण आतल्या खोलीत हलवले. समोर ठेवल्या फक्त सहा वड्या.

पहिल्या आल्या शिंपीणबाई. "अगंबाई, एवढेच? साबण संपत आला की काय?"

"समोर आहे तेवढा आहे," मास्तर गूढ हसले.

शिंपीणबाईंनी सहाही वड्या पदराआड घातल्या आणि बाहेर पडून तोंड उघडलं. दहा मिनिटांत दुकानापुढे ही झुंबड! मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दाब वाढतो हे त्यांना ठाऊक होतं. तो काउंटर ढकलत आपल्या पोटापर्यंत येतो, हे पुस्तकात नव्हतं.

"अहो, घाबरू नका! आत भरपूर आहे!" ते ओरडले आणि त्यांनी खोलीचं दार सताड उघडलं.

"बघा, साठा लपवलाय!" पोस्टमन गरजला. "म्हणजे टंचाई खरीच!"

सून परतली तेव्हा दुकानात साबणाचा नुसता वास उरला होता. गाल सुजलेला, जीभ बधिर. तिला बोलताच येईना. ती डोळे फाडून रिकाम्या खोलीकडे पाहत राहिली. मास्तरांना ते कौतुक वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे ठोक व्यापाऱ्याला फोन लावला, "चाळीस खोकी पाठवा!"

खोकी आली. साबणाला गिऱ्हाईक मात्र येईना. एक आठवडा, दोन आठवडे, तीन.

"बाबा," सून एकदा शांतपणे म्हणाली, "ऊर्जा निर्माण करता येत नाही, असं तुम्हीच शिकवायचात ना? मग त्या दिवशीची मागणी कुठून आणलीत?"

"पुढच्या वर्षातून," मास्तर पुटपुटले.

चौथ्या आठवड्यात पोस्टमन भलीमोठी पिशवी घेऊन आत आला. मास्तर लगबगीने उठले. "या, या! किती देऊ?"

"देऊ नका, घ्या." त्याने पिशवी काउंटरवर उपडी केली. "बायको म्हणते, घरात एक तर साबण राहील, नाहीतर मी."

मास्तरांनी मान उंचावून पाहिलं. पोस्टमनच्या मागे शिंपीणबाई होत्या, आणि त्यांच्या मागे कोपऱ्यापर्यंत रांग.