दादाराव डॉक्टरांची पाण्याची गाठ

मराठी-तेलुगू सीमेवरच्या आमच्या इचोड्यात दादाराव डॉक्टरांकडे लग्नाची पत्रिका द्यायला जायचं, तर बनियन धुतलेली घालावी लागे. पत्रिका हातात घेण्याआधीच ते म्हणत, "मास्तर, शर्ट वर करा आन् उताने निजा." मग पोटावर थंडगार जेली, तिच्यावर मशीनचा दांडा आणि पडद्यावर आपलं लिव्हर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावात पहिलं सोनोग्राफीचं मशीन त्यांनीच आणलं. तेव्हापासून आल्यागेल्याला चहा द्यावा तशी ते सोनोग्राफी देत. पोस्टमन सुटला नाही, मीटर बघायला येणारा सुटला नाही. मी तर शाळामास्तर, वर सख्खा शेजारी. माझं लिव्हर त्यांना तोंडपाठ होतं.

त्यांचा खरा जीव लिव्हरमधल्या पाण्याच्या गाठींवर. त्यांत एक साधी: भिंत पातळ, आत निव्वळ पाणी, पडद्यावर काळीभोर. तिच्यापासून धोका नाही, तिच्या वाटेला जायचं नाही. दुसरी कुत्र्यांच्या पोटातल्या जंतांपासून होणारी. हिची भिंत जाड आणि आत छोट्या छोट्या गाठी, म्हणून डॉक्टर तिला 'लेकुरवाळी' म्हणत. "हिले भलतीच सुई टोचली, का मानूस गेला समजा!" हे ते इतक्या आनंदानं सांगत, की पेशंट टेबलावरच अर्धमेला होई.

आमच्याकडे दवाखान्यात कुणी एकटं येत नाही. शेजारच्या नेरडीगोंड्याकडून एक पेशंट निघाला की जीपभर नातेवाईक निघतात. डॉक्टर सगळ्यांना आत घेत आणि पडदा त्यांच्याकडे वळवत. "सांगा, साधी का लेकुरवाळी?" मामा एक म्हणे, साडू दुसरंच. एकदा सासरा आणि व्याही असे जुंपले, की टेबलावरचा जावई जेलीनं माखलेल्या पोटानिशी उठून भांडण सोडवायला गेला. तेलुगू मंडळी असली आणि गाठ साधी निघाली, की डॉक्टर ओरडत, "नीळ्ळे! नीळ्ळे!" म्हणजे पाणीच आहे हो, नुसतं पाणी. मग खोलीभर टाळ्या.

अशात एका दुपारी स्वतःच्या पोटावर दांडा फिरवताना त्यांना स्वतःच्याच लिव्हरमध्ये गाठ दिसली. दुसरा कुणी हबकला असता. हे कुंपणावरून ओरडले, "मास्तर, आपली बी निघाली!"

पण कोणती, ते काही ठरेना. लेकुरवाळीसुद्धा पोरं व्हायच्या आधी साधीसारखीच दिसते, आणि भैंशाला, त्यांच्या मूळ गावी, लहानपणी त्यांची कुत्री त्यांच्याच ताटात जेवायची. झालं, उठता-बसता तपासणी सुरू. भिंत आज जाड वाटे, उद्या पातळ. मला बोलावून मत विचारत. मला सगळंच काळं दिसे. हळूहळू त्यांचं ओरडणं कमी झालं, जेवणावरची वासना उडाली.

"हैदराबादले जाऊन सीटी स्कॅन काऊन नाही करत, डॉक्टरसाब?" मी शेवटी विचारलं.

ते दांडा पुसू लागले.

"तिथं पह्यले विचारतेत, सोबत कोन हाय?"

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं आणि आई गेल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं. "मी हाय ना," मी म्हणालो. "उद्याच जाऊ, सकाळच्या बसनं."

हैदराबादच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि मान हलवली. गाठ साधीच होती. आता पुन्हा यायची काही गरज नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. मला इतका आनंद झाला, की दारातल्या शिपायाशी मी उगाचच हात मिळवला. परतीच्या बसमध्ये मी सोलून दिलेली मोसंबी दादारावांनी मात्र मुकाट्यानं खाल्ली.

निर्मल गाव आलं, तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मास्तर, या लोकायचं काय खरं हाय? पुढच्या साली अजून एक डाव पक्कं करून घेऊ. तुमी येता ना?"