चर्चा करावी

वैरागडे साहेबांनी कुठलीही फाईल पहिल्या फेरीत मंजूर केल्याचं आमच्या कचेरीत कुणाला आठवत नाही. समासात हिरव्या शाईने ‘चर्चा करावी’ एवढंच लिहीत आणि फाईल परत धाडत. मग ती बढतीची असो, नाहीतर पंख्याला तेल घालायची.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शहराच्या सदर भागातल्या त्या कचेरीत मी कनिष्ठ लिपिक होतो. साहेब उपायुक्त. नायब तहसीलदारापासून चढत आलेले, अंगावर चौकशीचा शिंतोडा नाही. अशा माणसाला एवढी चर्चा कशाला लागते, यावर कचेरीत मतभेद होते. आमचे हेडक्लार्क, बडेबाबू, म्हणत, “साहेबाले अक्षर लागत नाही, म्हणून बलावते.” बाकीच्यांच्या मते साहेब सहीला भीत.

प्रत्यक्ष चर्चा अशी होई. आत्याच्या तेराव्यासाठी मी रजा मागितली. साहेबांनी अर्ज बाजूला सारला.

“बस गा. आत्या किती वर्साची होती?”

“अठ्ठ्याहत्तर, जी.”

“दात होते?”

आत्याच्या दातांवरून गाडी भिवापूरच्या मिरचीवर गेली. साहेब मूळचे तिकडचे. मिरची देठासकट वाळवावी की देठ खुडून, याच्या दोन्ही बाजू त्यांनी निःपक्षपातीपणे मांडल्या. चर्चा तीन बैठका चालली. रजा मंजूर झाली तेव्हा तेरावं उरकलं होतं.

तोवर मी हसत होतो. मग माझाच बदलीचा अर्ज आत गेला. बायको अमरावतीला शाळेत मास्तरीण, मुलगी वर्षाची. मी महिन्यातून एकदा जाई आणि मुलगी मला पाहून भोकाड पसरी. अमरावतीची एक जागा रिकामी होती. महिनाअखेर ती दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

फाईल चारदा परत आली. चारदा चर्चा झाली. विहिरी, वांग्याची भाजी, बैलांचे स्वभाव, सगळं झालं. बदलीचं नाव नाही. महिना संपायला दोन दिवस उरले आणि पाचव्यांदा बोलावणं आलं. आता माझं डोकं फिरलं.

“साहेब, माही पोरगी मले ओळखत नाही जी! आता काहून चर्चा?”

उपायुक्तांशी असं बोलल्यावर आपली बदली गडचिरोलीला होते, हे मला ठाऊक होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“फाईल तयारच हाय गा. मीच दाबून ठेवली. अख्ख्या नोकरीत पयल्यांदा.” चष्मा परत चढवून म्हणाले, “आमची बाई वारल्यापासून घरी कोणी बोलाले नाही. बाकीचे लोक घड्याळ पायतात. तू बसतोस. तू गेल्यावर कोणाशी बोलू, म्हणून सही होत नव्हती.”

त्यांनी सही केली. तारीख घातली. “जाय. चारची एस.टी. सापडन.”

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी पण घड्याळच पाहत होतो. फक्त त्यांच्या मागच्या भिंतीवरचं, म्हणून त्यांना कळलं नव्हतं. फाईल उचलली, दारापर्यंत गेलो, परत येऊन खुर्चीत बसलो.

“बाईसाहेब कोणत्या गावच्या होत्या, साहेब?”

“पवनीच्या,” साहेब म्हणाले.

आणि आत्याच्या दातांवरून तीन बैठका बोलणाऱ्या त्या माणसाला पुढचा शब्द सुचेना. चारची गाडी सुटून गेली, शिपाई दोनदा डोकावून गेला. आम्ही दोघं कचेरी सुटेपर्यंत तसेच बसलो होतो.