कानातून थेट बोटात

चांगुणाला खडी फोडायला जायचं नव्हतं. तिची आई कमलबाई रोज दुष्काळी कामावर जात होतीच. आईचे तळहात पाहून चांगुणाने ठरवलं होतं, आपली बोटं टाइपरायटरवरच चालवायची. तालुक्याच्या एका दूध संघात टायपिस्टची जागा निघाली होती. दुष्काळात दूध नव्हतं, पण दूध का नाही हे वर कळवायला टायपिस्ट लागत होता.

चांगुणाच्या गावात, ईटमध्ये, रामलिंग मास्तरांचा टायपिंग क्लास होता. शिकवण्याचं काम मास्तरांनी टेपरेकॉर्डरवर सोपवलं होतं. त्यांच्याच आवाजातलं एक सरकारी पत्र त्यात दिवसभर वाजायचं. सेल नवे असले की टेपमधले मास्तर घाईत बोलत, सेल उतरले की आजारी पडत.

"डोकं मधी आणायचं न्हाय, चांगुणे," खरे मास्तर सांगत. "कानातून थेट बोटात!"

घोळ एकच होता. टेपवर पत्र भरताना मास्तर 'टंचाईची परिस्थिती लक्षात घेता' इथवर आले आणि त्यांची बायको सिद्धम्मा बाहेरून ओरडली, "अहो, टँकर आला! घागरी घेऊन पळा!" तेही टेपमध्ये बसलं. मास्तर पळाले, पाणी आणलं आणि पत्र पुढे चालू केलं. चांगुणा तिथं अडखळली की ते खेकसायचे, "थांबायचं न्हाय! कानावर येईल ते छापायचं!" शेवटी तिची बोटं सिद्धम्मासकट अख्खं पत्र झोपेतही छापू लागली. मास्तर धन्य झाले.

मुलाखतीत चेअरमन आबाराव स्वतः मजकूर सांगायला बसले. "हां, घ्या. उपरोक्त विषयास अनुसरून, टंचाईची परिस्थिती..."

चांगुणाची बोटं सुटली ती सुटलीच. आबारावांचा चष्मा पुसून होईपर्यंत पत्र तयार.

"आरं तिच्या! म्या बोलायच्या आदी छापलं की!" ते संचालकांना म्हणाले. "हीच पोरगी घ्या."

चांगुणाला आनंदाने रडूच यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात आबारावांनी पत्र वाचायला घेतलं. आवाज निवडणुकीच्या सभांत कमावलेला. "...टंचाईची परिस्थिती लक्षात घेता अहो, टँकर आला! घागरी घेऊन पळा!"

त्या साली या वाक्यावर कुणी विचार करत बसत नसे. शिपायाने व्हरांड्यातला माठ ओतून रिकामा केला आणि खांद्यावर घेतला. दोन संचालक एकाच कॅनला धरून दारात अडकले. बाहेरची अख्खी पेठ घागरी घेऊन रस्त्यावर आली. खुद्द आबाराव तांब्या घेऊन फाटकापर्यंत धावले आणि तिथं त्यांना आठवलं, हे तर आपणच वाचलं.

रस्त्यावर नुसता धुरळा. बायकांनी त्यांना घेरलं. "कुठंय टँकर, चेअरमनसायेब?"

घाम पुसत ते आत आले. "पोरी, तुजा हात लई चालतो. पर आमाला पुन्यांदा निवडून यायचंय. तू जा."

बातमी एस.टी.च्या आधी ईटला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चांगुणा दिसली की जो तो ओरडायचा, "टँकर आला!" ती उंबऱ्यावर मान खाली घालून बसली. दुपारीही तीच ओरड झाली, गल्ली धावत सुटली. "चिडवतेत मेले," ती पुटपुटली आणि उठली नाही. तिची बोटं मात्र मांडीवर आपोआप चालू झाली, ती थेट 'आपला विश्वासू'पर्यंत.

संध्याकाळी कमलबाई धुळीने माखून आली. तिने रांजणात वाकून पाहिलं. तळ कोरडा.

"आगं, खराच आलता की टँकर! तू काय करत हुतीस?"

चांगुणाने बोटं मुठीत घट्ट धरली.

"छापत हुते, आये."