गिटारीची मान आणि लिंबाजीचा डोळा

आमचा शेजारी लिंबाजी कुठलीही वस्तू आधी एका डोळ्यानं बघतो. दुसरा डोळा मिटून घेतो, वस्तू नाकाच्या रेषेत धरतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर सोडतो. मग निकाल येतो. "वाक हाय." याच्याहून वेगळा निकाल मी तरी ऐकलेला नाही.

खोड रेल्वेतली. आमच्या पूर्णेत निम्मं गाव रेल्वेतलं. लिंबाजी रुळाच्या गँगमध्ये होता. रुळाशेजारी उकिडवं बसायचं, गाल लोखंडाला टेकवायचा आणि रूळ सरळ गेलाय का बघायचं. रेल्वेनं त्याला रिटायर केलं, पण मिटलेला डोळा उघडायचा हुकूम द्यायला ती विसरली. आता तो छत्री बघतो, खाट बघतो, लग्नात नवरदेव बघतो. व्याह्याच्या घरच्या लग्नात स्टेजसमोर उकिडवा बसला आणि सगळ्यांदेखत म्हणला, "नवरदेव डावीकडं कललाय." नवरदेव कलला नव्हता. मामा त्याच्या कानात काहीतरी सांगत होता, एवढंच.

आमच्या घरचीनं, गयानं, बाजारातून नवं लाटणं आणलं होतं. लिंबाजीनं ते तिच्या हातातून घेतलं, डोळा मिटला. "वैनी, वाक हाय."

"लाटण्याला आसंल, पोळीला न्हाई," गया म्हणली. "खायची का जायचं?"

खाल्ली. चांगली पोट फुगेस्तोर खाल्ली.

गया आता नाही. त्याच्यावर मी इथं काही लिहिणार नाही, मी लिंबाजीवर लिहायला बसलोय. एवढंच सांगतो की ती गेल्यावर मी सायकलचं दुकान बंद केलं आणि भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडलो. चूल बंद, बोलणं बंद. माझी कुणाकडं तक्रार नव्हती. सुखानं पडू द्यायचं ना माणसाला! पण शेजारी चांगला मिळायला नशीब लागतं, आणि माझ्या नशिबात लिंबाजी.

तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावाला गेले आणि त्याच आठवड्यात एका सकाळी हा दारात उभा.

"ऊठ मिस्तरी. गिटार घ्यायची हाय."

"काय घ्यायची?"

"गिटार. करंटवाली. जुनीच घेणार, नवीला काय करायचंय? मानवतला एक हाय म्हणायलेत. मानीला मार लागलाय का बगावं लागतंय."

आता ह्या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं कधीकाळी रुळाच्या बोल्टात सापडून ताठ झालेली. वाकतच नाहीत. गिटारीच्या तारा दाबायच्या त्याच हातानं, एवढं मला सुद्धा माहीत. ज्याची बोटं वाकत नाहीत तो न वाकलेली गिटार शोधायला निघाला होता. मी तसं तोंडावर बोललो.

"तारा मी दाबीन न्हाईतर दाबणार न्हाई. तुला काय करायचंय? तू नुसता डोळा द्यायला चल. मी एक मिटतो, मग एक कमी पडतो. आन् दाढी करून ये. चोरावाणी दिसायलास."

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. दर बाजाराच्या दिवशी दाढी, दर बाजाराच्या दिवशी एसटी. बसमध्ये हा शेजारच्या, पुढच्या आणि मागच्या शिटावर गिटारीच्या मानीचं कीर्तन करणार. सगळं मोबाईलमध्ये बघून शिकलेला. "पोट फुटलेलं चालतंय, डोकं खरचटलेलं चालतंय, मान गेली की गिटार गेली!" एका कंडक्टरनं त्याला विचारलं, "काका, डॉक्टर हाव का?" लिंबाजी म्हणला, "तसंच समज."

दुपार झाली की पिशवीतून भाकरी काढायचा. कायम दोघांना पुरतील एवढ्या. मी नको म्हणलं की चिडायचा. "बायकोचा हात सैल हाय, लय बांधून देती. फेकून देऊ का बसमधून?" मग खावी लागायची. नको असलेली भाकरी, नको असलेल्या गावात, नको असलेल्या माणसाबरोबर.

मानवतला फोटो स्टुडिओवाल्याकडं लाल गिटार होती. लिंबाजीनं तिला आडवी धरली, डोळा मिटला आणि मान डोक्याकडून पोटाकडं बघितली. मग एक तार मानीवरच्या पहिल्या पितळी पट्टीवर दाबायला मला लावली, शेवटच्या पट्टीवर स्वतः दाबली आणि मधल्या फटीत एसटीचं तिकीट सारलं. त्याचं म्हणणं असं, की तिकीट अंग चोरून गेलं तर मान ठीक. भसकन गेलं तर मान पुढं झुकलेली. अडकलं तर मागं गेलेली. तिकीट अंग चोरून गेलं. स्टुडिओवाला हसला. मग लिंबाजीनं मानीच्या मागं, डोकं जिथं जोडलेलं असतं तिथं, नख फिरवलं.

"चीर हाय."

"काका, रंग उडालाय नुसता."

"रंगाला नख अडत न्हाई. हितं अडायलंय. कुठंतरी पडली, मोडली, तुमी फेविकॉल लावला. वर रंग मारला. पावडर लावून पोरगी दाखवायलेत जणू!"

स्टुडिओवाल्यानं आम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

परभणीत लाऊडस्पीकरवाल्याची गिटार उन्हाळाभर पत्र्याला टेकून उभी होती. मान अशी झुकलेली की मला आंधळ्यालाही दिसावी. तो म्हणला, मानीच्या आत सळई असते, चावीनं आवळली की सरळ होते. लिंबाजीनं चावी फिरवली. ती फिरतच राहिली, विहिरीवरच्या रिकाम्या रहाटासारखी. "सळई मेली," लिंबाजी म्हणला आणि टोपी काढायचंच बाकी ठेवलं. मला तो शब्द आवडला नाही, मी बाहेर येऊन उभा राहिलो. लिंबाजी मागोमाग आला आणि बसस्टँडपर्यंत गिटार सोडून ढगांवर, कापसावर, सुनेच्या स्वयंपाकावर बोलत राहिला. तेवढ्यापुरतं त्याचं तोंड गोड होतं.

अशा किती मानी झाल्या, मी मोजल्या नाहीत. प्रत्येकीत काहीतरी निघायचं आणि लिंबाजी खुशीत घरी यायचा. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाताना एवढं खूश मी दुकानदारीत कधी बघितलेलं नाही.

मग पालमला गेलो. शाळेतल्या एक बाई, त्यांची बदली झालेली, त्यांना गिटार विकायची होती. बाईंनी ती पेटीत, मऊ कापडात ठेवलेली. काळी, चकचकीत. लिंबाजीनं डोळा मिटला. बघितलं. उलटी करून बघितलं. उजेडाकडं नेऊन बघितलं. तिकीट सारलं, ते अंग चोरून गेलं. नख फिरवलं, कुठं अडलं नाही. चावी जराशी फिरवली, सळईनं दोन्हीकडं पकड दाखवली. पट्ट्यांच्या कडांवरून बोट ओढलं, एकही पट्टी टोचली नाही. लिंबाजीच्या कपाळाला घाम आला.

मला तर उकळ्या फुटायला लागल्या. म्हणलं, "घे आता! सुटलो दोघं. तुझी मान मिळाली, माझी खाट मला मिळू दे."

तो गिटार नाकाशी धरून परत डोळा मिटून बसला.

बाई म्हणल्या, "घ्या हो आजोबा. मला जपणारं माणूसच पाहिजे होतं. किती दिवस झाले शोधताय?"

"आमची वैनी गेली तवापसून," लिंबाजी बोलून गेला. सगळं ध्यान मानीवर, तोंडावर लगाम नाही.

मग त्याचा मिटलेला डोळा उघडला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसला. बाईंनी त्याची ताठ बोटं बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

मी चौथी नापास. हिशोब कळायला मला वेळ लागतो. तेरवी. त्याच आठवड्यात मानवत. दाढी करून ये. दोघांच्या भाकरी. ह्या गाढवाला गिटार कधी नकोच होती. आणि आज ती मिळाली, तर पुढच्या बाजारी माझ्या दारात येऊन हा म्हणणार काय?

"आण इकडं," मी म्हणलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी गिटार हातात घेतली. जड होती. एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं डोक्याकडून पोटाकडं बघितलं. सारा जन्म सायकलची वाकडी चाकं सरळ करण्यात गेलाय माझा, सरळ काय असतं ते मला दाखवावं लागत नाही. ती मान अशी होती, की रूळ तसे असते तर लिंबाजीला नोकरीच लागली नसती.

"वाक हाय," मी म्हणलं.

"कुठं?" बाई म्हणल्या.

"वरच्या अंगाला. बारीक हाय. तुमाला दिसायचा न्हाई."

लिंबाजीनं झडप घालून गिटार घेतली, डोळा मिटला. लगेच उघडला.

"मला तर पयल्यांदाच दिसला व्हता," तो म्हणला. "म्हणलं, मिस्तरी वळखतो का बगावं."

बाईंनी गिटार पेटीत ठेवली, कापड नीट केलं, आणि न विचारता चहा टाकला. चांगला झाला होता.

बसस्टँडवर लिंबाजीनं भाकरी काढली. मी नको म्हणलं नाही. दोघांनी भाकरी संपवली. मग तो समोरच्या रिकाम्या फलाटाकडं बघत म्हणला,

"गंगाखेडला एक हाय म्हणायलेत. पांढरी."

"मान?"

"बगावी लागंल."

"दाढी करून येतो," मी म्हणलं.