ठमाबाईंचं दही लागेना

"पाच शेर दूध ओतून टाकायचं?" ठमाबाईंना तो विचारच सोसेना.

गुरुवारी गाईची कास सुजली, म्हणून बारामतीहून गुरांचे डॉक्टर सायकलवर आले. त्यांनी सडात पेनिसिलिन भरलं आणि बजावलं, "चार दिवस हे दूध कुणी पोटात घालायचं नाही." डॉक्टर कालव्याच्या पुलापलीकडे दिसेनासे झाले, तशी ठमाबाईंनी चूल पेटवली, दूध तापवलं आणि विरजण लावलं! रविवारी कळसचे जावई आबासाहेब जेवायला येणार होते. सासूबाईंच्या दह्यावर त्यांचा भारी जीव. तसं दही अख्ख्या आळीत लागत नाही, असं ठमाबाई स्वतःच सांगत.

सकाळी झाकण काढलं, तर दूध जसंच्या तसं पातळ.

गाईच्या दुखण्यात घरचं विरजण संपलेलं, म्हणून ते शेजारच्या कुशाबाईंकडून आणलं होतं. झालं! ठमाबाई कुंपणाशी हजर.

"कुशे, शिळं विरजण दिलंस व्हय गं?"

"शिळं? हे बघ!" कुशाबाईंनी आपलं गाडगं चक्क उलटं धरलं. दही हललंसुद्धा नाही.

"मग माझ्या गाडग्यातच कायतरी हाय."

गाडगं बदललं, कुशाबाईंकडून ताजं विरजण आणून पुन्हा लावलं. त्याला गोधडी गुंडाळली. तरी शनिवारी पुन्हा तेच. "तुझ्या मनातच खोट हाय," ठमाबाई म्हणाल्या, आणि दोघींचं बोलणं बंद!

दुपारी डॉक्टर गाय बघायला आले. त्यांची नजर गाडग्यांवर गेली.

"हे कुठलं दूध?"

"कुठलं म्हंजे... गाईचंच की."

डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो, विरजणातही जंतूच असतात, चांगले. वाढताना ते अंगाभोवती भिंत बांधतात. पेनिसिलिन ती धड बांधू देत नाही, मग जंतू फुगून फुटतो. कासेतला कुठला, दह्यातला कुठला, औषधाला काय कळतंय?"

"आगं बया! म्हंजे कुशीचं विरजण मीच मारलं?"

ठमाबाईंनी दूध ओतून टाकलं आणि तशाच कुंपणाशी गेल्या. "कुशे, चूक माझी हाय. दूध औषधाचं हुतं."

कुशाबाई म्हणाल्या, "आन् जावयाला उद्या काय वाढणार?"

रविवारी आबासाहेबांनी दोन वाट्या दही संपवलं. "इतकी वर्षं खातोय, पण असं दही कधी लागलं न्हाय बघा!"

ठमाबाईंच्या हातातली पळी थांबली. दारात कुशाबाई पदराआड हसत होत्या.

"हसतीस काय? आत ये," ठमाबाई म्हणाल्या. "तुझंच हाय, तूच वाढ. माझा हात लागला, तर पुन्यांदा पातळ व्हायचं."