भायर बसलेला गडी

आमच्या मालवण भागात माणूस माणसाला जीव लावून हाक मारतो ती ‘मेल्या’ म्हणून. बाप मुलाला म्हणतो, दोस्त दोस्ताला म्हणतो. मुंबईहून दोन वर्षांनी आलेल्या भावाला भाऊ बंदरावरच मिठी मारतो आणि म्हणतो, “खंय होतंस रे मेल्या!” त्यात मरणाचा काही संबंध नाही. ती आमची माया आहे.

आमच्या वाडीतला गुणाबा तेवढा ‘मेल्या’ म्हणत नसे. तो म्हणायचा ‘जित्या’.

“काय रे जित्या, पेज जेवलंस?” “ए जित्या, हय ये.” शिरोड्याकडचा एक पोस्टमन आमच्याकडे नवीन आला होता. आठ दिवस त्याने ऐकून घेतलं आणि मग मला विचारलं, “तुमच्या वाडयेत जित्या नावाचे कितके जाण आसत?” मी म्हटलं, “सगळेच. कागद कोणाकय दी.”

गुणाबाचं पूर्ण नाव गुणाजी. माझ्या बापाच्या वयाचा. अंगाने वाळलेल्या बोंबलासारखा, आणि हाताला सदा काथ्या. बोलताना, चालताना, देवळात बसतानासुद्धा त्याचे हात सुंभ वळत असायचे. त्याच सुंभाने तो दरवर्षी हुतूतूचं मैदान आखायचा. दुसऱ्या वाड्या चुन्याची फक्की टाकायच्या. आमची मधली रेघ सुंभाची, खुंट्या मारून ताणलेली, आणि दर हंगामाला नवी. जुन्या सुंभात जुनी हार राहते असं त्याचं म्हणणं.

हा माणूस जन्मात हुतूतू खेळला नव्हता. त्याला दमा होता. तीनदा ‘हुतूतू’ म्हटलं की चौथ्याला खोकला. पण दम कसा धरावा हे तो आम्हाला शिकवायचा, आणि आम्ही शिकायचो. भातकापणी झाली, मळे सुकले की गुणाबा घरोघरी गडी तपासायला निघायचा. आधी घोटा दाबून बघायचा, मग जीभ. आमच्या आयांना दम द्यायचा, “चार म्हयने ह्येका आंबट तिखला घालू नको, दम तुटता.” कोकणातल्या माणसाला माशाचं तिखलं सोडायला सांगणं म्हणजे काय, ते ज्याला सोडावं लागलं त्यालाच कळेल.

माझं लग्न त्याने एक हंगाम पुढे ढकललं. माझ्या होणाऱ्या सासऱ्याला जाऊन सांगितलं, “शिमग्यानंतर करा. आता चढाईचो गडी मोकळो नाय.” सासरा माझ्या बापाला विचारायला आला, हा पोरगा कुठे चढतो म्हणून. माझी बायको भांडणात ते अजून काढते.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते त्या वेळची ही गोष्ट. खाडीपलीकडची वाडी दरवर्षी आम्हाला हरवायची आणि दरवर्षी हंगामाच्या आधी गुणाबा म्हणायचा, “औंदा आपलो!” हरलो की त्याच्याकडे कारण तयार. ऊन डोळ्यांवर होतं. त्यांनी पायांना खोबरेल चोपडलं होतं. पंचाची सासुरवाडी पलीकडची. एकदा काहीच सापडलं नाही तेव्हा म्हणाला, “ओहोटीचो टायम होतो रे. ओहोटीक आमच्या वाडयेक यश नाय.”

मी संघाचा पुढारी. चढाईत माझ्यासारखा गडी देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत नव्हता. हे मी मोठेपणाने सांगत नाही, होतं ते सांगतो. माझं आणि गुणाबाचं एका शब्दावरून कायम वाजायचं. हुतूतूत बाद झालेल्या गड्याला आम्ही ‘मेलो’ म्हणतो. समोरचा एक मेला की आपला एक उठतो, जो आधी मेला तो आधी. सगळं मैदान ‘मेलो, मेलो’ ओरडायचं आणि त्यात हा एकटा, खोकत, “भायर! भायर! मेलो नाय, भायर बसलो!” पलीकडचे पोट धरून हसायचे. त्यांचा पुढारी सोनू मला खिजवायचा, “काय रे दत्तू, तुमचे गडी मरणत नाय काय?”

मला लाज वाटायची. मी गुणाबाला तोंडावर सांगितलं, “आबा, सगळो मुलूख मेलो म्हणता. तूच काय तो शाणो?”

“म्हणांदेत. माझ्या वाडयेचो गडी भायर बसता.”

बाद झालेल्यांना बसायला तो नारळाच्या झावळ्यांचा झाप अंथरायचा. त्या झापावरची पहिली जागा रिकामी ठेवायची. कोणी चुकून बसला तर ढोपराने ढकलायचा, “सरक रे जित्या, थय माणूस आसा.”

हंगामाच्या आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं व्हायचं. गावकर देवासमोर उभा राहून मोठ्याने सांगायचा आणि आम्ही मागून व्हय म्हणायचं. “बा देवा म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “ह्ये वाडयेचे गडी तुझ्या पायांकडे इले आसत, तेंच्या दमाक बरकत दी रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” मग गुणाबा एकेक नाव सांगायचा आणि गावकर ते देवाच्या कानावर घालायचा. एका वर्षी सात नावं झाली तरी गुणाबा थांबेना. आठवं नाव सांगितलं. वसंत.

गावकर मागे वळला. “गुणाजी, गडी सात, नावां आठ कशी?”

“आठवो भायर बसलो आसा.”

दोघातिघांना हसू आलं. पुढच्या वर्षापासून कोणी हसलं नाही.

वसंत गुणाबाचा मुलगा. एकुलता एक, आईविना वाढलेला. आमच्या संघात पकडीला होता. घोटा धरला की बैल पण सुटणार नाही असा हात. पलीकडच्यांशी शेवटचा सामना होता, आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पहिल्याच पकडीत तो बाद झाला. गुणाबा तेव्हा सगळ्यांसारखाच बोलायचा. सगळ्या मैदानासमोर कपाळावर हात मारून ओरडला, “मेलो! पयल्याच झटक्याक मेलो माझो बैल! मर थयच!”

एकेक करत सगळे पडले. शेवटी मी एकटा उरलो. मी एकाला शिवून परत आलो असतो तर वसंत उठला असता, कारण पहिला नंबर त्याचा होता. सोनूने मला मधल्या रेघेजवळ धरलं. रेघ माझ्या बोटापासून चार बोटं राहिली. सगळा संघ बाद झाला. आमच्यावर लोण चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंत विजयदुर्गाहून माल वाहणाऱ्या पडावावर चढला. मंगलोरी कौलं आणायला जायचं होतं, शिमग्याला परत. गुणाबा रागात होता. निरोप द्यायला गेला नाही, पडवीत सुंभ वळत बसला. पडाव शिमग्याला आला नाही. मृग लागला तरी आला नाही. एक फळीसुद्धा कुठे लागली नाही.

तेव्हापासून जित्या. तेव्हापासून भायर.

मला हे सगळं ठाऊक होतं. वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं? तरी मी आठ हंगाम त्या शब्दावरून त्याच्याशी भांडलो. का, ते आता सांगायला हरकत नाही. त्याने ‘भायर’ म्हटलं की मला ती चार बोटं दिसायची.

एकदा सुंभ ताणताना तो आपणहूनच बोलला. “दत्तू, तेंच्यावर एकदा लोण चढव रे. एकय तेंचो ऱ्हवता नये. मगे आमचे सगळे मोकळे.” मी खुंटी मारत होतो, ती मारतच राहिलो. समोरचे सगळे मेले म्हणजे आपले सगळे उठले, एवढा साधा हिशेब धरून तो दर वर्षी ‘औंदा आपलो’ म्हणत होता. जिंकणाऱ्याला मिळायची ती ढाल गेली खड्ड्यात.

नवव्या हंगामाला माझं ढोपर सुजलेलं होतं आणि मी थांबायचं ठरवलं होतं. गुणाबा दाराशी आला. ढोपराला शेक द्यायला त्याने तापवलेली वीट फडक्यात बांधून आणली होती. मी खेळलो.

त्या दिवशी आमच्या हाताला यश होतं. त्यांचे सहा पडले. आमचे सातही आत. पलीकडे उरला एकटा सोनू. मी दम घेतला, लंगडत गेलो, तो कोपऱ्यात सरकला, आणि परतताना माझा पाय त्याच्या पोटरीला लागला. मी सुंभावर पडलो.

पंच सवयीने ओरडला, “एक मेलो! कोण उठता?”

उठायला कोणी नव्हतं. आमचे सगळे आत होते. आम्ही नाचायला लागणार, इतक्यात झापाशेजारी गुणाबा उभा राहिला.

“आमचो आसा एक भायर,” म्हणाला.

हातातला सुंभ त्याने खाली ठेवला. तो आम्ही त्याच्या हातातून सुटलेला पहिल्यांदा पाहिला. झापावरच्या पहिल्या जागेवरची माती त्याने खांद्यावरच्या पंच्याने पुसली, आणि वाकून म्हणाला, “ऊठ रे बाबा. चढलो लोण. ऊठ आता.”

पंचाला काय करावं समजेना. सोनू मैदानाबाहेर निघाला होता, तो थांबला. वाटेतून बाजूला झाला, जसं आत येणाऱ्या गड्याला आपण वाट देतो तसं. सोनूवर मी जन्मभर डाफरलो, पण एवढ्यासाठी त्याचं नाव घेतो.

पंच हळूच म्हणाला, “उठलो.”

गुणाबाने झाप गुंडाळला आणि काखेत मारून घरी गेला. ढाल बघायलासुद्धा थांबला नाही.

पुढच्या हंगामाच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा देवळात उभे होतो. गुणाबा नावं सांगत होता, गावकर देवाला कळवत होता. सात झाली. गावकर आठव्यासाठी थांबला. आम्ही सगळे थांबलो.

“झाली,” गुणाबा म्हणाला.

“आबा, आठवो?” मीच विचारलं.

“सात गडी, सात नावां.”

गावकराने गाऱ्हाणं पुरं केलं. पायऱ्या उतरताना गुणाबाने माझ्या ढोपराकडे बघितलं आणि म्हणाला, “दमान उतार रे, मेल्या.”

इतकी वर्षं मी त्याला सांगत होतो, चारचौघांसारखं बोल म्हणून. तो बोलला, आणि मला पायरी दिसेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाईत आमचा गडी धरला गेला. पलीकडचे ओरडले, आमचे गप्प. सगळ्यांची नजर गुणाबाकडे. तो खाली मान घालून सुंभ वळत होता. ओठ हलले, ते मला दिसले. मेलो, म्हणाला.

मग मीच पुढे झालो, सुजलेलं ढोपर घेऊन, आणि घसा फुटेस्तोवर ओरडलो, “भायर! मेलो नाय! भायर बसलो!”